जाळ्यात आलेला परका देव

दामूमामा गेल्याचा फोन सातपाटीहून मामीनेच केला. तिच्या मुलांपैकी कुणी मला कळवणार नाही, हे ठाऊक होतं. त्यांच्या लेखी मी मूर्तीचोर.

मामा तांडेल, बोट चालवणारा म्होरक्या. हवामानाच्या बातमीवरही त्याचा भरवसा नसे. वल्ह्यावरचं पाणी हातावर घेऊन बघे, मगच बोट काढी. काही वर्षांपूर्वी त्याच्या जाळ्यात वीतभर उंचीची ब्राँझची मूर्ती आली... दाढीवाला नागडा पुरुष, पायाशी मोठा मासा, उगारलेला हात रिकामा. ‘असला बाबा देव्हाऱ्यात नको,’ म्हणत मामीने तो तांदळाच्या डब्यात ठेवला. मी पालघरला शाळेत चित्रकला शिकवते. मूर्तींची जाण असलेल्या एका मित्राला मी तिकडे घेऊन गेले. ‘इटलीची दिसते, पाचेकशे वर्षांपूर्वीची. त्यांचा समुद्राचा देव आहे हा,’ तो म्हणाला. ‘पोर्तुगीजांच्या गलबतातून आली असेल. किंमत लाखांत जाईल.’

तेव्हापासून घर बिघडलं. सून तांदूळ काढायला गेली तरी मागोमाग कुणीतरी जाई. एकाच बोटीवर जाणारे मामाचे दोघे मुलगे एकमेकांच्या पिशव्या चाचपू लागले, एकदा तर कोयते निघाले. मग एके दिवशी डब्यात मूर्तीच नव्हती. मामा सगळ्यांसमोर म्हणाला, “परवा ही आलेली. दुसरं कोण आलं?” लहानपणी मला खांद्यावर बसवून बंदर दाखवणारा मामा... माझ्याकडे न बघता बोलला. मी त्या घरची पायरी चढणं सोडलं. मला मित्राचाही संशय आला. त्याचे फोन घेईनाशी झाले.

दिवसकार्याला गेले, तेव्हा मामीने मला बोंबील वाळत घातलेल्या वलांडीमागे नेलं.

“त्यांनीच तो बाबा दर्यात परत टाकला, बाय. पोरं एकमेकांच्या जिवावर उठलेली. मला बोलले, हिच्यावर आळ घेतो, ही शिकलेली हाय, सोसून नेईल.”

“तू बघितलंस टाकताना?”

मामी थबकली. “नाय... ते बोलले मला.”

म्हणजे तेही फक्त मामाच्या तोंडचं. अंगणात आले तर थोरला चहा घेऊन उभा. “ताय, आता तरी सांग, कोनाला दिलीस?” धाकट्याचे हात जाळं विणता विणता थांबले. मामीचं सांगणं जिभेवर आलं होतं. सांगितलं तर उद्या हे दोघे बापावर, आईवर आणि पुन्हा एकमेकांवर संशय घेणार.

“मला माहीत नाही,” मी म्हणाले.

थोरल्याने धाकट्याकडे बघितलं आणि दोघे एकदमच कुत्सित हसले. कित्येक वर्षांत मी त्यांना असं एकत्र हसताना पाहिलं नव्हतं.