अपडेट आणि मेनचा खटका

टोकावड्यात आमची भातगिरणी आहे आणि तिच्याच पडवीत माझं ऑनलाइन फॉर्म भरायचं दुकान. दुकान म्हणजे एक टेबल, एक संगणक, एक प्रिंटर आणि ‘फोटो लगेच मिळतील’ असा बोर्ड. लगेच कधी मिळाले नाहीत. गिरणी सासऱ्यांची. त्यांना सगळा गाव आबा म्हणतो, मीही तेच म्हणते.

आबांचा एक नियम आहे. गिरणीतून बाहेर पडायचं तर मेनचा खटका खाली पाडायचा. जेवायला जाताना, संध्याकाळी घरी जाताना, कोणाच्या मयताला जाताना. कधीकाळी मोटर जळली होती, तेव्हापासून विजेवर त्यांचा विश्वास नाही. खटका पाडतात, त्याला नमस्कार करतात आणि मग चपला घालतात. पडवीतल्या संगणकाचं काय चाललंय, हे विचारायचा प्रश्नच येत नसे.

इकडे संगणक बिचारा सारखा विनवायचा, सिस्टीमचं अपडेट आलंय, घेऊ का? मी ‘नंतर’ दाबायची. समोर दाखल्यासाठी माणूस ताटकळत उभा, आणि याला नटायची हौस. कधी कंटाळून संध्याकाळी हो म्हणायची आणि घरी निघायची. मागून आबा खटका पाडायचे. सकाळी पडद्यावर यायचं, बदल पूर्ण झाले नाहीत, मागे घेतोय, थांबा. मग मी चहा पीत थांबायची. दोन वर्षं आम्ही तिघांनी हा संसार केला.

मग तलाठ्यांची भरती निघाली. पार म्हसा गावाहून पोरं-पोरी आल्या, सगळ्यांचे फॉर्म मी भरले. माझा ठेवला शेवटच्या दिवशी. वयाच्या अटीत बसायचं माझं ते शेवटचं वर्ष होतं आणि घरात कोणालाच सांगितलं नव्हतं, नवऱ्यालाही नाही. सांगितलं की चर्चा होते, आणि आमच्याकडे चर्चा झालेली गोष्ट होत नाही.

त्या दिवशी सकाळी साइट उघडली, तर तिनं रातोरात स्वतःत काहीतरी बदललेलं. म्हणाली, तुमचा ब्राउझर जुना आहे. ब्राउझर नवा करायला गेले, तर तो म्हणाला, आधी सिस्टीम नवी करा. मुदत पाचची. मोबाइलवर सहीचा फोटो चढेना. मुरबाडला जाऊन भरावा तर एसटी गेलेली, पुढची तीनला, तिचाही नेम नाही. मी देवाचं नाव घेतलं, चार शिव्याही घातल्या आणि अपडेट सुरू केलं.

बारा वाजता एकतीस टक्के झाले होते. आबा जेवायला उठले आणि खटक्याकडे निघाले. मी आडवी गेले. लग्नाला अकरा वर्षं झाली, पण सासऱ्यांना आडवं जायची ती पहिलीच वेळ.

“आबा, नका पाडू.”

“का गो?”

मी सिस्टीम, अपडेट, टक्के असं बरंच बडबडले. त्यांच्या चेहऱ्यावरची रेष हलेना. शेवटी म्हटलं, “भात अर्धं आत असताना मोटर बंद केली तर काय होईल?”

“गिरणी चोंदंल. नुसती कणी पडंल.” ते थबकले. पडद्याकडे बघत राहिले. “म्हंजे मी रोज कणी पाडत व्हतो?”

“रोज नाही. पण बऱ्याचदा.”

“मंग सांगायचं नाय?”

त्यांनी खुर्ची ओढली आणि खटक्यासमोर ठाण मांडलं. भाकरी तिथंच मागवली. गिरणीही सुरू केली नाही, कारण मोटर लावली की संगणक दचकून बंद पडतो, हे त्यांनाही ठाऊक होतं. दुपारी दोन बाया भाताची पोती घेऊन टेम्पोनं आल्या. आबांनी बसल्या जागेवरून सांगितलं, “आज गिरणी बंद हाय. सुनेचं भरडण चाललंय.” बाया माझ्याकडे बघून हसल्या. मला हसूही येत होतं आणि लाजही वाटत होती, पण त्याहून जास्त भीती वाटत होती.

चार वाजून दहा मिनिटांनी संगणक उठला. घाईत स्वतःची जन्मतारीख दोनदा चुकले. पाचला दहा कमी असताना फॉर्म गेला.

“एवढा कोणाचा फॉरम व्हता?” आबांनी विचारलं.

“माझा.”

“नोकरी कुठं?”

“जिल्ह्यात कुठंही. शहापूर, किन्हवली, सांगतील तिथं.”

“लागली तं जाशील?”

हे मला कोणी विचारलं नव्हतं. मीही स्वतःला विचारायचं टाळलं होतं. “जाईन,” म्हणाले, आणि रडूच आलं.

आबांनी रडण्याकडे लक्ष दिलं नाही. खुर्ची उचलून भिंतीला लावली. “घरी तुझ्या नवऱ्याला मी बोलतो,” म्हणाले. “तू बोललीस तं इचारल्यासारखं व्हईल. मी बोललो का सांगितल्यासारखं.”