तेवीस बरोबर उत्तरं

हे मी बायकोलाही कधी सांगितलं नाही. भाईंदर पूर्वेला माझा क्लास होता. मेडिकलच्या बॅचसाठी मी चाळीस प्रश्नांची परीक्षा घेतली, प्रत्येकाला चार पर्याय. उत्तनच्या एका कोळ्याच्या मुलीची, जी एरवी जेमतेम पास व्हायची, तेवीस उत्तरं बरोबर आली. मी तिच्यादेखत वडिलांना म्हणालो, "तुक्के लागलेत हो. बॅचमध्ये नाही घेता येणार."

"सर, मासळी वाळत घालताना पण पुस्तक घेऊन बसते ती. तुक्का न्हाय तो."

मी हसलो. मुलगी उठली, मागोमाग तेही गेले.

ते गेल्यावर, आपलंच खरं करायला, मी कॉम्प्युटरला प्रश्न न वाचता कुठलेही पर्याय निवडायला लावले, हजार वेळा. बहुतेकदा दहाच्या आसपास उत्तरं बरोबर यायची. तेवीसपर्यंत तो एकदाही पोहोचला नाही. म्हणजे पोरीला येत होतं.

बॅच सुरू व्हायला आठवडा होता. उत्तनला बसने जाऊन सांगता आलं असतं. पण सरांनी शब्द मागे कसा घ्यायचा, म्हणून मी गेलो नाही. ती पुढे काय शिकली, मला माहीत नाही.

"तुला येत होतं, मी चुकलो," एवढं तिला तिच्या वडिलांसमोर सांगणं माझ्याकडून अजून राहिलंय.