नऊ चौकोनांची घडी

आईबापाचं ते भांडण घडीमावशीनं लहानपणी पडद्याआडून ऐकलं होतं. बाप म्हणत होता, "उद्यापासून मी चर्चला येणार नाही. तोंडात प्रार्थना आणि आत काहीच नाही, हे मला जमत नाही." आई वेदीवरची वस्त्रं धुणारी. ती फणकारली, "आतलं कोण बघायला येतंय? तुम्ही बाकावर दिसलात म्हणजे झालं!" बाप बिचारा मरेपर्यंत बाकावर दिसत राहिला. पोरगी मात्र त्यातून शिकायचं ते शिकली.

पुढे आईची इस्त्री तिच्याकडे आली, गिऱ्हाइकं आली, आणि वेदीची वस्त्रंही. वेदीवरचा रुमाल आडवा तीन पदरी, उभा तीन पदरी दुमडायचा, म्हणजे नऊ चौकोन पडतात आणि मधला भरतकामाचा लाल क्रूस आत झाकला जातो. बोटांना ते इतकं भिनलं, की नवऱ्याचा नाक पुसायचा रुमालही तसाच घडी होऊन यायचा. "ह्यात शिंकायच्या आधी गुडघे टेकावे लागतात," असं नवरा म्हणायचा. घडीमावशी हे नाव त्यानंच पाडलं, ते सगळ्यांनी उचललं.

तो गेला. समाचाराला आलेला जो तो म्हणे, "देवाची इच्छा!" मावशी मान डोलवी आणि आतल्या आत जळे. तेव्हा शेजारची शिवणवाली तिला विहारात घेऊन गेली. विहार कसला, सायकलच्या दुकानावरची एक खोली, चार चटया आणि शांत डोळ्यांची मूर्ती. भंते म्हणाले, "दुःख आहे." मावशीला वाटलं, चला, कुणीतरी 'आहे' तरी म्हणालं! मग डोळे मिटून श्वासाकडे बघायला सांगितलं, तर ती चक्क घोरायला लागली. तरी पुढच्या रविवारी, सकाळचं चर्च आटोपून, संध्याकाळी परत गेली. जात राहिली. शेवटी हात जोडून तिनं पंचशील घेतलं. खोटं बोलणार नाही, हे त्यातलं चौथं. ते म्हणून ती जिना उतरली, आणि खाली थोरली बहीण उभी.

आई लवकर गेल्यावर हिला न्हाऊमाखू घातलं ते ह्याच थोरलीनं. चर्चमध्ये तिची जागा पहिल्या बाकावर. तिनं विचारलं, "वर कशाला गं गेली होतीस?"

"गुडघ्याला तेल चोळून घ्यायला. एक बाई चोळते वर."

शील घेऊन जिनासुद्धा पुरता उतरला नव्हता! पण एकदा म्हटलं ते दर रविवारी म्हणावं लागलं. थोरली कधी थट्टा करी, "एवढं तेल जिरलं, तरी कुरकुरतोच का गं तुझा गुडघा?" मावशी हसण्यावारी नेई, आणि दोन पावलं मुद्दाम लंगडून दाखवी.

विहाराला देण्यासारखं तिच्याजवळ काय होतं? मूर्तीखाली अंथरायचं पांढरं वस्त्र ती धुवायला आणू लागली. त्याच्या मधोमध शिवणवालीनं निळ्या दोऱ्यानं धम्मचक्र भरलेलं. मावशीनं बादली वेगळी ठेवली, दोरी वेगळी बांधली. बोटं तेवढी तीच राहिली. चक्रही नऊ चौकोनांत झाकलं जाई, हे तिच्या ध्यानात आलं नाही.

त्या रविवारी सकाळी फादरनी वेदीवर घडी उलगडली, तर आत निळं चक्र. त्यांनी शांतपणे दुसरा रुमाल मागवला. मागच्यांना काही कळलं नाही. पहिल्या बाकाला सगळं दिसलं.

बाहेर येताच थोरलीनं दंड धरला. "ते चाक कुणाचं?"

"गिऱ्हाइकाचं," मावशीच्या तोंडून निघूनही गेलं. "इस्त्रीच्या ढिगात मिसळलं असेल."

"डोळे तपासून घे बाई!" थोरली म्हणाली. आणि तेवढ्यात समोरून शिवणवाली हसत आली, हातात लाल क्रूसाचा रुमाल.

"मावशी, अगं तुमचा क्रूस आमच्या मूर्तीखाली! संध्याकाळच्या वंदनेला वस्त्र अंथरायला घेतलं, तर हे. बरं झालं, मीच उलगडलं. आणि येताना आमचं घेऊन ये हं, आज पंचशील म्हणायला पुढे तूच बसणार आहेस."

चर्चच्या पायऱ्यांवरची माणसं वळून बघायला लागली. जमीन दुभंगावी असं मावशीला झालं. थोरलीनं आधी शिवणवालीकडे बघितलं, मग हिच्याकडे.

"तेल चोळायला जात होतीस ना?"

मावशी क्रूसाचा रुमाल घेऊन पुन्हा घडी घालू लागली.

"गेलीस तर गेलीस. मी भांडले असते, रडले असते, दोन दिवस जेवले नसते. पण बये, दर रविवारी तुझ्या गुडघ्यासाठी मी मेणबत्ती लावत होते!"

देव सोडल्याची लाज मावशीला कधी वाटली नव्हती. त्या मेणबत्त्यांची वाटली. संध्याकाळी विहारात तिनं सगळ्यांसमोर सांगून टाकलं. भंते म्हणाले, "शील पुन्हा घे." तिनं घेतलं, चौथं दोनदा म्हटलं.

वेदीची वस्त्रं थोरली स्वतः घेऊन गेली. इस्त्रीखाली तिनं दोन जाळली, पण परत दिली नाहीत. अबोला चालला तो चाललाच. मग थोरलीचे डोळे अधू झाले. एका रविवारी ती भिंत चाचपडत मावशीच्या दारात आली.

"हात दे. चर्चपर्यंत सोड. आणि कुणी विचारलं तर खरं सांगायचं."

तेव्हापासून तो नेम झाला. मावशी तिला पहिल्या बाकावर बसवी आणि मागे वळे. कुणी ना कुणी विचारीच, "मावशी, तुम्ही थांबत नाही?" ती म्हणे, "नाही, मी विहारात जाते." दर वेळी कानाच्या पाळ्या लाल होत. थोरली समोर बघत बसे, पण कान इकडेच.

मावशी गेली त्या दिवशीही रविवारच होता. दुपारी पडली ती उठली नाही. सकाळी तिनं थोरलीला हाताला धरून नेलं, बाकावर बसवलं, तिचा चष्मा पदरानं पुसून दिला. दाराशी घंटा वाजवणाऱ्यानं विचारलं, तेव्हा नेहमीसारखी लाजत खरं ते सांगितलं, आणि विहाराचा जिना झाडायला गेली.