असा देणगीदार अस्तित्वात नाही

सबीहा पिंजारी मूळची धुळ्याची. तिचे वडील हारुनभाई यांचं गाद्या-उशा भरून देण्याचं दुकान आहे. आपली मुलगी इंजिनिअर होऊन जळगावला नेमकं काय काम करते, हे त्यांना नीटसं सांगता येत नाही. कुणी विचारलं तर ते म्हणतात, ''कम्प्युटरमध्ये माणसं शोधते.'' हे ऐकून एका गिऱ्हाइकाने गादीबरोबर आपला पळून गेलेला भाडेकरूही शोधून मागितला होता.

हारुनभाई तसे फार चुकत नव्हते. जळगावात एका सोन्याच्या दुकानावर, दोन खोल्यांत, योगराज महाजनांची छोटी कंपनी आहे. ती सामाजिक संस्थांसाठी सॉफ्टवेअर बनवते. देणगी कुणी दिली, कशासाठी दिली, पावती गेली का, आभाराचं पत्र गेलं का, हे सगळं त्यात राहतं. योगराज सरांचा ठरलेला शब्द म्हणजे 'होऊन जाईल'. संस्थावाले जे मागतील त्याला ते 'होऊन जाईल' म्हणत आणि मग खुर्ची वळवून सबीहाकडे बघत.

संस्थांची तक्रार मात्र एकच असायची: नाव सापडत नाही. म्हणून शोधाचं काम सबीहाकडे आलं. तिने ते मन लावून केलं. आधी एखादं नाव शोधायला लागलं की चहा पिऊन होई, आता बोट उचलायच्या आत उत्तर येऊ लागलं. ती खूश झाली. बहुतेक वेळा ते उत्तर 'नाही' असंच असतं, याकडे तिचं फारसं लक्ष गेलं नाही. एकाने पितांबर ऱ्हस्व लिहिला, दुसऱ्याने दीर्घ, तिसऱ्याने इंग्रजीत, की मशीनच्या लेखी ती तीन वेगळी माणसं. ''लिहिणाऱ्यांनी नीट लिहावं ना,'' असं तिचं म्हणणं होतं. आणि उत्तर 'नाही' असेल तेव्हा काय दाखवायचं, तेही तिनेच एका दुपारी, जेवणाची घाई असताना, लिहून टाकलं होतं: 'असा देणगीदार अस्तित्वात नाही.'

या वाक्यानेच तिला धुळ्याला नेलं.

धुळ्यात एक संस्था आजारी माणसांसाठी लागणाऱ्या वस्तू विनामोबदला वापरायला देते. चाकाच्या खुर्च्या, वॉकर, आणि हँडल फिरवलं की डोक्याकडून वर उचलली जाणारी दवाखान्याची कॉट. संस्थेच्या सचिव लताबाई निवृत्त शिक्षिका आहेत. त्यांचा फोन सकाळीच आला.

''सबीहा, बाळ, तू इकडे ये. एक गृहस्थ आलेत आणि उठत नाहीयेत.''

''पडलेत का, मॅडम?''

''पडले नाहीत. बसलेत. तू त्यांना अस्तित्वात नाही म्हणालीस म्हणून बसलेत.''

योगराज सर म्हणाले, ''जाऊन ये. होऊन जाईल.''

बसलेले गृहस्थ म्हणजे सोनगीरचे चुडामण नाना. पांढरं धोतर, डोक्यावर टोपी, हातात काठी. काठी आधारापेक्षा बोलताना दाखवायला जास्त. त्यांचं दुःख असं होतं की संस्थेच्या स्नेहमेळाव्याचं आमंत्रण शेजारच्या अभिमनला आलं आणि त्यांना आलं नाही. अभिमनने एक वॉकर दिलेला. नानांनी अख्खी कॉट दिलेली. सोनगीरमध्ये त्या कॉटला 'नानानी कॉट', म्हणजे नानांची कॉट, म्हणतात आणि कुणाचं हाड मोडलं की नाना स्वतः जाऊन ती कशी वर-खाली करायची ते दाखवून येतात. म्हणून ते चौकशीला आले. लताबाईंनी त्यांच्यासमोरच नाव टाईप केलं, आणि नानांनी पडद्यावरचं वाक्य मोठ्याने वाचलं.

सबीहा दुपारी पोचली तेव्हा नाना चाकाच्या एका नव्या कोऱ्या खुर्चीत बसले होते. ऑफिसात मोकळी तेवढीच होती.

''तूच का ती लिखणारी?'' नानांनी काठी तिच्याकडे केली. ''मी अस्तित्वातच नई? मंग हाई कोन बठेल शे?''

सबीहा धुळ्याची, तिला अहिराणी चांगली येते. ती म्हणाली, ''नाना, तुम्ही शेतस. मशीनले दिसत नई, इतलंच.''

''मंग तिले चष्मा लाव. तवलोंग मी उठाव नई.''

सबीहाने लॅपटॉप उघडला. तिला वाटलं, घोळ शुद्धलेखनाचा असणार. तिने चुडामण ऱ्हस्व शोधला, दीर्घ शोधला, बाणातला ण घेऊन, नळातला न घेऊन शोधला. प्रत्येक वेळी तेच वाक्य आलं, आणि प्रत्येक वेळी नानांनी ते वाचलं, दर वेळी थोड्या वरच्या आवाजात. आपलं वाक्य दुसऱ्याच्या तोंडून इतक्यांदा ऐकायची वेळ सबीहावर पहिल्यांदाच आली होती. चौथ्या वेळी तिला ते कानाला टोचायला लागलं.

मग तिने ठरवलं, शोधच बदलायचा. ऱ्हस्व-दीर्घ एकच धरायचं, न आणि ण एकच धरायचं, स आणि श एकच. आणि इकडची माणसं जळगावला जयगाव म्हणतात, केळीला केयी म्हणतात, म्हणून ळ आणि य सुद्धा एकच. शिवाय नाव अर्धंमुर्धं जुळलं तरी दाखवायचं. कंपनीतल्या चाचणीच्या मशीनवर करून बघावं, मग इथे आणावं, असा नियम होता. पण नाना समोर होते. तिने सरळ इथेच केलं.

''आता टाका, मॅडम.''

लताबाईंनी नाव टाईप केलं. पडदा गच्च भरला. चुडामण आले, चिंतामण आले, चिमण आले, लक्ष्मण आले. ळचा य झाल्यामुळे एका चुडामणचा बाळू बायू होऊन आला आणि आपल्यामागे सगळ्या बायांना घेऊन आला.

''इतके देणगीदार आपल्याकडे आहेत, हे मलाच माहीत नव्हतं,'' लताबाई चष्मा वर करत म्हणाल्या.

नानांचा राग मात्र जरा उतरला. ते खुर्चीची चाकं स्वतःच फिरवत टेबलाशी आले. ''इतला बठ्ठा चुडामण? हाऊ कोन शे? शिरपूरना? याले फोन लाव.''

''नाना, देणगीदारांचे नंबर असे कुणाला देता येत नाहीत,'' लताबाई शाळेतल्या आवाजात म्हणाल्या.

''मी मांगतच नई. तू लाव, मी बोलस.''

लताबाईंनी हो-नाही करता करता लावला. शिरपूरचे चुडामण आप्पा फोनवर आले. दोघांची ओळख नाही, पाळख नाही. पण नाव एकच, वय जवळपास एकच, आणि दोघांचेही गुडघे दुखत होते. बोलणं गुडघ्यांवरून कपाशीवर गेलं आणि कपाशीवरून पुन्हा गुडघ्यांवर आलं. फोन ठेवताना नानांनी आप्पांना मेळाव्याचं आमंत्रणही देऊन टाकलं, जे त्यांना स्वतःला अजून मिळालेलं नव्हतं.

इतक्यात सबीहाच्या घरून डबा आला. मुलगी धुळ्यात येऊन घरी जेवत नाही, हे तिच्या आईला, हसीनाबींना, पटलेलं नव्हतं, म्हणून त्यांनी हारुनभाईंना दुकान बंद करून पाठवलं होतं. भरीत, कळण्याची भाकरी, मिरचीचा ठेचा. डबा नेहमीसारखाच चार जणांना पुरेल एवढा.

हारुनभाईंनी चाकाच्या खुर्चीतल्या म्हाताऱ्याकडे बघितलं आणि हळूच लेकीला विचारलं, ''यांनाच शोधतेयस?''

''हो, अब्बा.''

''पण हे तर इथेच आहेत.''

नानांनी काठी टेबलावर आपटली. ''बघा! याले समजस!''

सगळे जेवले. नाना ठेचा खाऊन खुर्चीतच डुलकी घ्यायला लागले. सबीहा मात्र यादी खाली-खाली सरकवत राहिली. सोनगीरचा चुडामण त्यात कुठेच नव्हता. तिने ळ आणि य पुन्हा वेगळे केले, बाया परत गेल्या. तरीही नाना नव्हते. आता तिला नानांची नाही, स्वतःची काळजी वाटायला लागली. शोध इतका सैल केला की अर्धा जिल्हा त्यात सापडला, आणि समोर घोरणारा माणूस सापडत नाही. आपण गेलं वर्षभर नेमकं काय बनवत होतो, असा विचार तिच्या मनात आला, आणि तो तिला मुळीच आवडला नाही.

तेवढ्यात दारात रिक्षा थांबली. हिरव्या नऊवारीतल्या एक बाई उतरल्या, डोक्यावर पदर, हातात पिशवी. त्या सरळ आत आल्या आणि खुर्चीपाशी उभ्या राहिल्या.

''सकायपासून आठे काय करी राहिनात?''

नाना खडबडून जागे झाले. ''हाई मशीन म्हणस, मी नई शे.''

''काब्र नई?'' त्या नानांच्या घरवाल्या, सुंदरबाई. त्यांनी लताबाईंकडे बघितलं. ''काय शोधी राहिनात, ताई?''

''त्यांनी दिलेल्या कॉटची नोंद, अक्का.''

सुंदरबाईंनी पिशवी टेबलावर ठेवली. मग म्हणाल्या, ''कॉट यासनी कवय दिधी? म्हैस मनी व्हती. मी इकी. कॉट बी मीच दिधी.''

म्हणजे स्वतःची म्हैस विकून त्या पैशांत अक्काने कॉट घेतली होती. हारुनभाई डबा आवरत होते, त्यांनी झाकण लावायचं थांबवलं.

सबीहाने सुंदरबाईंचं नाव टाईप केलं. बोट उचलायच्या आत नोंद आली. सुंदरबाई, मुक्काम सोनगीर, एक कॉट. खाली मोबाईल नंबर, आणि त्याच्याखाली: 'मेळाव्याचं आमंत्रण पाठवलं.'

''अक्का, तुम्हाला मेसेज आला होता?''

''ऊनाच व्हयी. रोज येतस. लोन घ्या, लोन घ्या. मी वाचत नई.''

आता सगळे नानांकडे बघू लागले. नाना टोपी काढून तिच्यात काहीतरी शोधल्यासारखं करू लागले. खोटं बोलण्यातला माणूस नव्हे तो. कॉट दिली त्या दिवशी मोटारसायकलवर अक्काला तेच घेऊन आले होते, हार त्यांच्या गळ्यात पडला, फोटोत ते पुढे होते, भाषणही त्यांनीच केलं. घरातली म्हैस विकली म्हणजे आपण विकली, आणि कॉट दिली म्हणजे आपण दिली, इतका तो त्यांच्या लेखी साधा हिशेब. अक्काने तो कधी खोडला नव्हता, कारण तिला कुणी कधी विचारलंच नव्हतं.

''म्हंजे मशीन खरं बोलनं,'' नाना शेवटी म्हणाले.

सबीहाला खरं तर आनंद व्हायला हवा होता. तिचा शोध बरोबर निघाला होता. पण तिला हसूही येईना आणि जिंकल्यासारखंही वाटेना. ती म्हणाली, ''खरं बोलनं, नाना. पन चांगलं बोलनं नई. ते मनं काम व्हतं.''

आणि तिथेच, सगळ्यांसमोर, तिने ते वाक्य पुसलं. त्याजागी लिहिलं: 'या नावाने नोंद दिसली नाही. घरातल्या दुसऱ्या कुणाच्या नावाने पाहू का?' नानांनी ते वाचलं, पुन्हा वाचलं, आणि म्हणाले, ''आते माणूसनामायक बोलस.'' म्हणजे, आता माणसासारखं बोलतंय.

पुढचे काही दिवस जळगावात सबीहाने तेच काम केलं. नावाबरोबर गाव, फोन, दिलेली वस्तू आणि घरातली माणसं, यांतल्या कशावरूनही शोध लागू लागला. योगराज सरांनी सगळ्या संस्थांना कळवलं की हे सगळं आमच्या डोक्यात पहिल्यापासून होतं. लताबाईंना तर हा शोध इतका आवडला की कुणाचा कोण लागतो हे बघत त्या दुपारच्या दुपार घालवू लागल्या, आणि त्यातून एक सोयरीकही जुळत आली, असं ऐकतो.

मेळाव्यात सुंदरबाईंचं नाव पुकारलं गेलं. त्या लाजून उठेचनात, तेव्हा नानाच त्यांना हाताला धरून मंचापर्यंत घेऊन गेले. या वेळी हार अक्काच्या गळ्यात पडला. माइक समोर आला तसे नाना सवयीने दोन पावलं पुढे झाले, आणि अक्काने त्यांच्या हातात पिशवी दिली. ती सांभाळत ते बाजूला उभे राहिले. शिरपूरचे आप्पा पहिल्या रांगेतून टाळ्या वाजवत होते.

सबीहा आता कुठल्याही संस्थेसाठी काम हाती घेतलं की आधी एक दिवस त्यांच्या पावतीच्या खिडकीपाशी जाऊन बसते आणि येणाऱ्या-जाणाऱ्यांचं बोलणं ऐकते. मागच्या आठवड्यात ती भडगावला एका गोशाळेत गेली होती. तिथे लोक एकेका गायीच्या नावाने देणगी देतात, म्हणून देणगीदाराच्या रकान्यात सगळीकडे गायींची नावं आहेत. चाऱ्याच्या पैशांबद्दल आभाराची पत्रं कपिला आणि चांदणीच्या नावाने निघतात, आणि गोठ्याच्याच पत्त्यावर पोचतात. सरांनी तिथेही 'होऊन जाईल' म्हणून सांगितलं आहे. सबीहा पुन्हा सोमवारी जाणार आहे.