जपानी साहेब आणि आईचा गिचका भात

मंडळी, मुंबईत चांगलं जपानी जेवण कुठे मिळतं, असं गेल्या आठवड्यात मीच या कम्युनिटीवर विचारलं होतं. तुम्ही सुचवलेल्या हॉटेलात आज दुपारी आईला घेऊन गेले. आत्ताच नाशिकला परत आलोय.

आई शाकाहारी, म्हणून तिच्यासाठी साधा भात आणि भाज्या मागवल्या. वाडगा समोर आल्यावर तिने एक शीत बोटांत दाबून पाहिलं. "यांचाही भात गिचका झालाय," म्हणाली, आणि जेवू लागली.

साधारण ९६ची गोष्ट. बाबा सिन्नरच्या कारखान्यात होते. मशीन बसवायला आलेल्या एका जपानी साहेबांना ते रविवारी आधी न सांगता घरी जेवायला घेऊन आले. तांदूळ नेमका नवा होता. आईचा पाण्याचा अंदाज चुकला आणि भाताचा गोळा झाला. साहेब मात्र वरण बाजूला ठेवून नुसता भात लिंबाच्या लोणच्याशी खात राहिले, तोही चार वेळा मागून.

"बिचाऱ्याने माझी लाज राखली," असं आई पुढे कित्येक वर्षं म्हणायची. "अगं, त्याला खरंच आवडला," असं बाबा सांगायचे. तिला ते कधीच पटलं नाही.

आज वाडगा संपवून ती हळूच म्हणाली, "तुझे बाबा खरं बोलत होते गं."

बाबांना जाऊन तीन वर्षं झाली. तुमच्याही घरी कुणाचं म्हणणं असं उशिरा पटलंय का?

हॉटेल चांगलं आहे, जरूर जा. आमच्याकडे उद्या भातात पाणी जास्त पडणार आहे, मुद्दाम.