मोहाकडचा वेल

सोमारी मडावी मूठ आवळून रस्त्याने चालली असली की तिला कुणी हाक मारत नाही. सरपंच समोर आला तरी तो बाजूला होतो. अहेरीपासून बारा-तेरा किलोमीटर आत असलेल्या त्या गावात शेंबड्या पोरालाही हे ठाऊक आहे. औषधाचं मूळ काढायचं तर आदल्या संध्याकाळी झाडाला आवतण द्यायचं. बुडाशी हळदीचे तांदूळ ठेवून ‘उद्या चल’ म्हणायचं. सकाळी खणायचं, मुठीत धरायचं आणि रोग्याच्या हातात पडेपर्यंत तोंड उघडायचं नाही. बोललं की गुण गेला.

दुसरा नियम याहून कडक होता. झाडाचं नाव कुणासमोर घ्यायचं नाही. सोमारीची सासू बुधरी मोठी जाणकार बाई. जायच्या आदल्या वर्षी तिने सोमारीला मातीवर हात ठेवायला लावला आणि म्हणाली, “नाव बाहेर गेलं का तुझा हात नुसता हात राहीन.” तेव्हापासून चाळीस वर्षं सोमारीने ते पाळलं. पोटच्या पोरालाही तिने कधी एका पानाचं नाव सांगितलं नाही.

आधी ही सगळी झाडं जंगलातच होती. मग वाघ वाढले, एकट्या बाईने आत जायचं म्हणजे जिवाशी खेळ झाला. उरलेली मुळं व्यापाऱ्यांच्या माणसांनी पोत्याने खणून नेली. सोमारीने एकेक रोप ओच्यात घालून घरी आणलं आणि घरामागच्या सांदवाडीत लावलं. वीस वर्षांत तिथे अडुळसा, गुळवेल, भुईनिंब, वेखंड, सारं नांदायला लागलं. इथे आपण बिनधास्त नावं घेतोय, पण त्या घरात ती सोय नव्हती. कुंपणावर दोन वेल होते. विहिरीच्या अंगाला शतावरी, बाळंतिणीला दूध यावं म्हणून. मोहाच्या झाडाच्या अंगाला कळलावी. बाई अडली तर तिच्या मुळाचा लेप तळपायाला लावायचा आणि लगेच धुऊन टाकायचा. पोटात गेली तर माणूस जातो.

हे सगळं मयुरीला कुणी सांगितलं होतं? कुणी नाही. मयुरी सोमारीची सून, वडशाची. बारावी शिकलेली, हाताला चपळ, आणि सासूचं काम शिकायची भारी हौस. सोमारी तिला बोट दाखवून शिकवायची. हा पाला खोकल्याचा, ते मूळ जुलाबाचं. नाव विचारलं की ओठ मिटायचे.

शेजारच्या ठमाबाईची लेक दिव्या माहेरी बाळंत झाली होती. बावीस दिवसांचा मुलगा आणि अंगावर दूध नाही. ठमाबाई दोनदा येऊन गेली. पण दुसऱ्या दिवशी सकाळी सोमारीला वरच्या टोल्यावरच्या वस्तीत म्हाताऱ्या पोचूकडे जायचं होतं. त्याचा गुडघा धरला होता आणि त्याच्या मुळाला आवतण देऊन झालं होतं.

“उद्या दिव्याले तूच दे,” तिने रात्री जेवताना मयुरीला सांगितलं. “आवतण मी देऊन ठेवलं. कुंपणावरचा वेल, विहिरीकडचा. मूळ वाटून दुधात दे. मोहाकडच्याले हात नोको लावू.”

“दोन्हीची नावं काय होत, आत्या?”

“वेल होत. तेवढं पुरे.”

पौषातली सकाळ होती. कुंपणावरचे दोन्ही वेल वाळून एकमेकांत गुंतले होते. मयुरीने विहिरीकडचं टोक हातात धरलं आणि गुंता सोडवत, मूळ शोधत ती कुंपणाने सरकत गेली. एका वेलाचा हात सुटून दुसऱ्याचा कधी लागला, ते तिलाही कळलं नाही. खुरपी मारायच्या आधी तिला शंका आली. तेवढ्यात पोचूचं मूळ मुठीत घेऊन सोमारी कुंपणापलीकडून निघाली.

“आत्या, इथलाच ना?”

सोमारीने ऐकलं. मान खाली होती, तिने नीट पाहिलंसुद्धा नाही. मोकळा हात तेवढा हलवला. तिला म्हणायचं होतं, थांब, मी आल्यावर. मयुरी समजली, हो, आटप लवकर. सोमारी पुढे निघून गेली.

एक शब्द. ‘थांब’ एवढा एक शब्द पुरला असता. पण तो म्हाताऱ्याच्या गुडघ्यासाठी राखून ठेवला होता.

पोचूच्या हातात मूळ दिल्यावर सोमारीचं तोंड मोकळं झालं. त्याच्या बायकोने काळा चहा केला, तोही ती निवांत बसून प्यायली. बोलता बोलता दिव्याचा विषय निघाला. “माही सून देऊन राह्यली आज,” असं ती कौतुकाने सांगू लागली आणि मध्येच थांबली. पोचूच्या अंगणात मोहाची सावली पडली होती. मघाशी मयुरीच्या पाठीवरही तशीच सावली होती. विहिरीकडे तर सकाळी ऊन असतं.

तिने कप खाली टेकवला आणि उठली. धान कापलेल्या बांध्यांतून, शेतांच्या धुऱ्यांवरून, साठ वर्षांची ती बाई लुगडं गुडघ्यावर खोचून पळत सुटली. एक चप्पल कुठेतरी राहिली. सांदवाडीत शिरून पाहिलं तर मोहाकडे ताजी माती उकरलेली. पाट्यावर मुळाचा उरलेला तुकडा होता, पांढरट, मध्येच वाकलेला. तुकडा पदरात बांधून ती ठमाबाईच्या घरात घुसली.

दिव्या भिंतीला टेकून बसली होती. शेजारी रिकामा गिलास. नुकतंच तिने बाळाला छातीशी घेतलं होतं.

“पाजू नोको!” सोमारी ओरडली आणि पोर तिच्या हातातून ओढूनच घेतलं. पोराने टाहो फोडला.

“सोमारीबाई, येडी झाली का तू?” ठमाबाई धावली.

“किती प्यायली ही?”

“सारं,” मयुरी म्हणाली. तिचा चेहरा उतरला होता. “कडू लागलं म्हणून गूळ टाकला मी. काय झालं, आत्या?”

“चुकीचं मूळ होतं. अहेरीले न्या हिले. आत्ताच्या आत्ता.”

दिव्या कसनुसं हसली. “मावशी, मले काईच होऊन नाई राह्यलं.”

तेच तर भयंकर होतं. ते मूळ आधी गप्प बसतं, हे सोमारीला सासूने सांगितलं होतं. दोन-चार तास माणूस हिंडतो-फिरतो आणि मग आतडी पिळायला लागतात. दिव्याचा भाऊ कुलदीप अहेरीला काळीपिवळी जीप चालवायचा. नशिबाने गाडी दारात होती. सगळ्यांना घेऊन त्याने ती धुरळा उडवत हाणली. वाटेत त्याने आरशातून तीनदा विचारलं, “मावशी, मूळ होतं तरी कायचं?” तिन्ही वेळा सोमारीने पदराची गाठ घट्ट धरली आणि बाहेर बघत राहिली.

दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी नाडी पाहिली, पोट दाबून पाहिलं. सगळं ठीक होतं. “काय खाल्लं?”

“आत्याच्या वाडीतलं मूळ,” मयुरी म्हणाली. “नाव मले माहीत नाई.”

“नाव कळल्याशिवाय मी काय करू? वाडीत शंभर मुळं असतील.” त्या सोमारीकडे वळल्या. “आजी, तुम्हाला माहीत आहे ना?”

ठमाबाई, कुलदीप, मयुरी, नर्स, दारात जमलेली चार माणसं, सगळी सोमारीकडे बघत होती. तिला बुधरीचा हात आठवला, तिच्या हातावर दाबून ठेवलेला. खाली ओली माती होती. या हाताने गावाचा ताप उतरवला होता, विंचू उतरवले होते. नुसता हात राहिल्यावर साठाव्या वर्षी ती कोण होती? आणि नाव घेतलं तर सगळ्यांना कळणार होतं, की जीव घेणारं झाड तिने बाळंतिणीच्या औषधाशेजारी लावलं आणि घरच्या माणसांनाही सांगितलं नाही. भीती वाटत होती, लाजही वाटत होती, आणि दोन्हींत जास्त कोणती हे तिला ठरवता येत नव्हतं. बाहेर कुलदीपच्या गाडीत बाळ कुणाच्या तरी मांडीवर रडत होतं.

“कळलावी,” सोमारी म्हणाली. आवाज फुटला नाही म्हणून तिने पुन्हा मोठ्याने सांगितलं. “कळलावी होय, बाई. बोटाएवढी प्यायली. तास झाला.” आणि पदराची गाठ सोडून तिने तो तुकडा टेबलावर ठेवला.

डॉक्टरीणबाई उठल्याच. नळी आली, सलाईन आली, गडचिरोलीला फोन गेला. दुपारी ॲम्ब्युलन्समध्ये दिव्याला पहिली उलटी झाली. मग तीन दिवस ती मोठ्या दवाखान्यात जगते की जाते अशी पडून होती. सोमारी वऱ्हांड्यात बसून राहिली. ठमाबाईने तिला शिवी दिली नाही. ती वऱ्हांड्याच्या दुसऱ्या टोकाला जाऊन बसली. चौथ्या दिवशी डॉक्टर म्हणाले, वाचली. नाव वेळेवर कळलं म्हणून.

दिव्या घरी आली. पंधरवड्याने तिच्या डोक्यावरचे केस मुठीमुठीने गळाले. दूध आटलंच होतं, ते काही परत आलं नाही. बाळ डब्याच्या दुधावर वाढू लागलं. मयुरी सांदवाडीच्या वाटेलाही जाईना. सोमारीकडे येणारी माणसंही कमी झाली. कुणी म्हणे विषारी बाई, कुणी म्हणे तिचा गुण गेला. सोमारीलाही तसंच वाटायचं. तिने कळलावी उपटली नाही, फक्त भोवती बोरीच्या काट्यांचं कुंपण केलं.

पोचू तेवढा हट्टी. गुडघा पुन्हा धरला तसा त्याने निरोप पाठवला. चैत्रातल्या एका सकाळी सोमारी मूळ मुठीत घेऊन निघाली. कुंपणापलीकडे दोघी उभ्या होत्या. दिव्या डोक्याला ओढणी बांधून, कडेवर खोकणारं पोर घेऊन आली होती. मयुरी तीन महिन्यांनी पहिल्यांदाच वाडीत शिरली होती. तिने एका झुडपाकडे हात नेला, पण पानाला लावला नाही.

“आत्या,” तिने घाबरतच विचारलं, “हाच ना?”

सोमारी थांबली. मूठ आवळलेलीच होती. तिला बुधरीची आठवण आली. मग तिने मूठ उघडली, मूळ कुंपणाच्या खांबावर ठेवलं आणि फाटक ढकलून आत आली.

“नाई पोरी, थांब,” ती म्हणाली. “तो नोको. हा बाजूचा घे. अडुळसा म्हणतात याले. दिव्या, तूही म्हण, अडुळसा.”

“अडुळसा,” दिव्या म्हणाली.

“आता इकडे या दोघी,” सोमारी म्हणाली आणि त्यांना बोरीच्या काट्यांपाशी घेऊन गेली.