कालव्यातली मिंक

नॉटिंगहॅमला आमच्या घरामागच्या कालव्यात काठाला बांधलेला एक तराफा आहे. त्यावर पिंजरा. दार पडलं की माझ्या मोबाइलवर मेसेज येतो. इथल्या निसर्गप्रेमींच्या ग्रुपचं हे काम मी हौसेनं अंगावर घेतलं, कुणी गळ घातली नव्हती. दिवसभर घरूनच ऑफिस, ओळखीपाळखी शून्य, तेवढीच चार माणसं भेटतील म्हटलं. शिवाय मला तिथले व्होल आवडायचे. व्होल म्हणजे पाण्याकाठी राहणारा गुबगुबीत उंदीर. दोन्ही हातांत गवताची काडी धरून कुरतडत बसतो. मिंक ही मुंगसासारखी लांबट, पाण्यात पोहणारी शिकारी. ती बिळात शिरून त्यांचा फडशा पाडते, म्हणून तो पिंजरा.

मिंक मुळात इथली नाहीच. फरकोटांसाठी तिला अमेरिकेतून आणली, पिंजऱ्यात वाढवली, सोलली. काही पळाल्या, काही लोकांनी सोडून दिल्या. पुढे ते फार्म कायद्यानं बंद झाले. आता त्या पळालेल्यांची नातवंडं-पतवंडं आम्ही पकडून मारतो. पकडलेली परत सोडणं हा गुन्हा. म्हणजे आणली माणसांनी आणि जीव जायचा तिचा! मला हे सगळं ठाऊक होतं बरं का. पण मारायला शेजारचे आजोबा यायचे, एअर पिस्तूल घेऊन. मी तोंड फिरवून उभी राहायचे. मोठी धुतल्या तांदळासारखी!

मे महिन्यात आई पुण्याहून आली होती. सकाळी मीटिंग चालू असतानाच मेसेज आला. मी निघाले, तर आईही मागोमाग आली. दोरीनं तराफा काठाशी ओढला. आत मिंक गरागरा फिरत होती, जाळी चावून चावून तोंड रक्ताळलेलं. आई वाकून बघत राहिली आणि एकदम म्हणाली, "अगं, ही ओली बाळंतीण आहे. पोट बघ तिचं. दार उघड."

"आई, नाही उघडता येत. नियम आहे."

"कसला डोंबलाचा नियम! पिल्लं उपाशी असतील तिची. उघड म्हणते ना!"

दार माझ्या हातापासून वीतभर लांब होतं. आसपास चिटपाखरू नव्हतं. मला व्होल आठवले, कायदा आठवला, आणि खरं सांगायचं तर ग्रुपमध्ये काय तोंड दाखवू, हेच जास्त आठवलं. मी आजोबांना फोन लावला.

ते आले. त्यांच्याही लक्षात आलं. "सॉरी, डक," ते आईला म्हणाले. इथे प्रेमानं सगळ्यांनाच डक म्हणतात. आईनं हात जोडले. "बेबी, बेबी," एवढंच इंग्रजी तिला सुचलं. त्यांनी टोपी काढली, क्षणभर थांबले आणि काम उरकलं. पिशवीत भरायला मी हात लावला. बाई गं, काय मऊ होती ती! मनात आलं, उगीच नाही लोक हिचे कोट घालत. त्या विचाराची मला आजही शिसारी येते.

संध्याकाळी काठावरच्या झाडाच्या मुळांखालून बारीक चूं चूं ऐकू यायला लागली. आजोबांनी आणि मी टॉर्च मारून पाहिलं. बीळ आत वळलेलं, हात पोचेना. काठ खणावा तर शेजारचीच व्होलची बिळं ढासळणार, आणि ती मोडणं बेकायदेशीर. आजोबा म्हणाले, "फार दिवस नाही चालायचं हे." कुठूनही विचार केला तरी कुणीतरी मरतच होतं, आणि यावेळी मीच फोन केला होता.

आई दुसऱ्या दिवशी दिवसभर तिथे बसून राहिली. मी दोनदा बोलवायला गेले, हलली नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी मात्र लवकर परत आली. मी आलं घालून चहा केला, कप तिच्यापुढे ठेवला.

"थांबला आवाज," ती म्हणाली.

मी म्हटलं, "आई, मी तरी काय करणार होते गं?"

तिनं कप बाजूला सारला आणि उठून स्वतःपुरतं वेगळं आधण ठेवलं.